सप्ताहात बाजूला बसलेली आरती

या हो, सरका पुढं. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढं या, सतरंजी मोठी आहे. टाळ मांडीवर ठेवा, चहा राहिला असेल तर तेवढा घोटभर घेऊन घ्या आणि कान इकडं द्या. आज एका बाईची गोष्ट सांगायची आहे. तिनं चमत्कार केला नाही, तिला स्वप्नात कुणी दृष्टांत दिला नाही. एका वर्षी तिनं वीणा खांद्यावर घेतली नाही, एवढंच झालं. पण ऐकण्यासारखं आहे.

देवळाली प्रवऱ्याहून पाटाच्या कडेकडेनं निघालं की दोन्ही अंगांनी ऊस लागतो. त्या उसातून मारुतीच्या देवळाचा कळस वर आलेला दिसला की आरतीची वस्ती आली म्हणायचं. इथं चैत्रात सप्ताह बसतो. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी प्रवचन आणि रात्री कीर्तन. सप्ताह बसला की मांडवात वीणा उभी राहते, ती काला होईपर्यंत खाली टेकायची नाही. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जायची, पण मध्ये जमिनीला लागायची नाही. तिच्यापाशी उभं राहायचं, नाम घेत राहायचं, त्याला पहारा म्हणतात. दुपारचा पहारा बायकांकडं असतो, कारण गडी माणसं तेव्हा उसाला पाणी धरायला गेलेली असतात.

या दुपारच्या पहाऱ्याची दरवर्षी एकच पंचाईत व्हायची. पाळी आलेली बाई मांडवात येत नसे, वीणेला हात लावत नसे. ती बाजूला बसायची. हा रिवाज कुणी घातला, बरोबर की चूक, त्यावर आपण आज भांडायला बसलो नाही. रिवाज होता आणि सगळ्याजणी तो पाळत होत्या. पहाऱ्याची नावं ठरली की मेडिकलमधल्या पाळी लांबवायच्या गोळ्या संपून जायच्या. तरी ऐन दुपारी कुणीतरी कुणाच्या तरी कानाला लागायचंच, "मला बाजूला बसावं लागतंय गं." मग रतनबाई हाक मारायची, "आरतीला बोलवा."

रतनबाई म्हणजे बायकांच्या भजनी मंडळाची पुढारीण. आवाज असा की भोंग्याची गरज नाही. आणि आरती म्हणजे कडूबाईची सून, गोरक्षनाथची बायको, वय चौतिशीच्या आसपास. आरतीला कधी अडचणच नसायची. हातातलं पीठ धुऊन ती तशीच यायची, पदर खोचून वीणा घ्यायची आणि स्वतःचा पहारा धरून दुसरीचाही काढायची. चारचौघींत रतनबाई म्हणायची, "हिला देवानंच मोकळी ठेवलीय. सेवेसाठी."

हे ऐकलं की आरतीला पोटातून बरं वाटायचं. का वाटू नये? एरवी तिच्या अंगाबद्दल कुणी बरं बोलत नव्हतं. हनुवटीवर राठ केस यायचे, ते ती दर पंधरवड्याला दोऱ्यानं काढायची. जेवण बेताचं असूनही वजन उतरत नव्हतं. लग्नकार्यात बायका म्हणायच्या, "आरतीची तब्येत काय झकास सुटलीय." त्यातलं कौतुक कुठं संपतं आणि टोमणा कुठं सुरू होतो ते तिला कळायचं. वर्षभर ज्या अंगाचं ओझं वाटायचं, तेच सप्ताहात कामाला यायचं. वीणा खांद्यावर आली की तिला वाटायचं, मी आहे तशी देवाला चालते.

आता खरी गोष्ट अशी, की आरतीचं ते मोकळं असणं म्हणजे आजार होता. त्याचं नावही तिला ठाऊक होतं. लग्नानंतर मूल राहीना तेव्हा राहुरीच्या डॉक्टर नाझनीन यांनी सोनोग्राफी करून सांगितलं होतं, पीसीओएस आहे. बीजकोशातून बीज वेळच्या वेळी सुटत नाही, म्हणून पाळी महिनोन्महिने येत नाही. केस, वजन, सगळं त्याच दोरीचं. औषधं घेतली, वजन थोडं उतरवलं आणि ओवी झाली. मूल होत नाही म्हणून आजार धरला होता, मूल झालं म्हणजे आजार गेला, असं घरादारानं मानलं. आरतीनंही मानलं. "हे जन्माचं आहे, अधूनमधून दाखवत जा," असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. ते ओवीच्या बारशाच्या धांदलीत मागं पडलं. ओवी आता शाळेत जाते.

त्या वर्षी फाल्गुनात काय झालं, कडूबाई ओसरीवर साखर तपासत बसली होती. तिला जुना मधुमेह. घरी बोटाला टोचून बघायचं यंत्र. एक पट्टी जास्तीची बाहेर निघाली, तेव्हा ती सुनेला म्हणाली, "आरते, ये बस. तुझी बी बघू. पट्टी वाया जायला नको."

"मला काय झालंय आत्या?"

"काय झालंय ते मी सांगू व्हय? दुपारी भाकरी थापता थापता पेंगतीस. मानंवर काळं आलंय, घासून जाईना. माझ्या मानंवर असंच आलं हुतं आधी."

आरती उपाशीच होती. आकडा आला आणि कडूबाईनं यंत्र डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ आणलं. "माझ्याएवढी न्हाई," ती म्हणाली. "पण असायला पायजे त्यापेक्षा हाय. जा, त्या डॉक्टरीनबाईला दाखवून ये."

डॉक्टर नाझनीन यांनी आरतीला ओळखलं. रक्तदाब पाहिला, पोटाचा घेर मोजला. रक्त दिलं, ग्लुकोजचं पाणी पिऊन पुन्हा रक्त दिलं. झोप कशी लागते, घोरता का, असंही त्यांनी विचारलं. आरती लाजली. "ओवीचे पप्पा म्हणतात ट्रॅक्टर बरा."

डॉक्टर हसल्या नाहीत. "तेही लिहून ठेवते. घोरताना श्वास अडकतो का, त्यांना लक्ष ठेवायला सांगा. आणि मन कसं असतं?"

"मनाचं काय बाई. असतं."

"पाळी कधी आली होती?"

"दिवाळीच्या आधी," आरती म्हणाली. तिच्या आवाजात जरा अभिमानच होता, सवयीचा.

लघवी तपासून दिवस गेलेले नाहीत हे आधी नक्की केलं. मग सोनोग्राफी झाली. टेबलावरून उठून आरती खुर्चीत बसली तेव्हा डॉक्टर संथपणे बोलल्या, "साखर काठावर आहे. अजून मधुमेह नाही, पण दार वाजवतोय. ते आपण चालणं, खाणं आणि एक गोळी यांनी रोखू शकतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. गर्भाशयाच्या आत एक अस्तर तयार होत असतं, ते पाळीत पडून जातं. तुमची पाळीच येत नाही, म्हणून अस्तर साचत चाललंय. तुमचं जाड झालंय. असं वर्षानुवर्षं साचू दिलं तर पुढं त्यात कॅन्सरच्या पेशी होण्याचा धोका वाढतो. आज तसं काही आहे असं मी म्हणत नाही. पण आता थांबायचं नाही. दहा दिवसांच्या गोळ्या देते. त्या संपल्या की चार-पाच दिवसांत पाळी येईल. अस्तर पडून जाऊ दे, मग परत बघू. तरी जाड राहिलं तर आतला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

आरतीनं मनात दिवस जुळवले. बरोबर सप्ताहात.

"बाई, सप्ताह झाल्यावर सुरू केल्या तर?"

डॉक्टरांनी जुना कागद उलटला. "गेल्या वर्षी अंगावरून पांढरं जातं म्हणून आला होतात. तेव्हाही मी याच गोळ्या दिल्या होत्या. घेतल्या?"

आरतीनं घेतल्या नव्हत्या. त्या गोळ्या तशाच कपाटावर पडून होत्या. गेल्या वर्षी सप्ताहानंतर घेईन म्हणाली, सप्ताहानंतर नणंदेचं बाळंतपण आलं, त्यानंतर गळीत हंगाम.

"आठ-पंधरा दिवसांनी आभाळ कोसळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गोळ्या लांबवून पाळी पुढं ढकलताही येते. तुम्ही सांगाल तसं करू. पण आरतीताई, मी पाळी आणायला औषध देतेय आणि तुम्ही ती अडवायला मागताय. दरवर्षी काहीतरी असणारच. यंदा नक्की कधी, ते तुम्हीच सांगा."

दिवस न ठरवताच ती गोळ्या घेऊन घरी आली.

घरी गोरक्षनाथनं सगळं ऐकून घेतलं. तो मनानं चांगला, पण बायकांच्या दुखण्याचा विषय निघाला की त्याला पाण्याची मोटर आठवायची. "तुझ्या मनाला येईल तसं कर. उद्याच्याला न्यायचं असलं तर गाडी काढतो," एवढं बोलून तो मोटर बघायला गेला. कडूबाई मात्र जागची हलली नाही.

"सात दिवसांचा तर प्रश्न हाय. वीणा हुऊ दे, मग घे."

"आत्या, मागच्या साली पण मी हेच म्हनले."

"मग आता रतनीला काय सांगशील? मंडळात सगळ्या तुझ्या भरवशावर निवांत असत्यात."

खरं सांगायचं तर आरतीला रतनबाईची भीती नव्हती. वीणा जाईल याची भीती होती. एकदा बाजूला बसलेली दिसली की ती बाकीच्या बायकांसारखीच झाली. मग जाड, केसाळ आरतीकडं वेगळं काय उरलं? हा विचार तिला एका देवभक्त बाईच्या मनाला शोभेसा वाटेना, म्हणून तो तिनं कुणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात बायकांची बैठक भरली. पहाऱ्याची नावं निघायला लागली. रतनबाईनं आरतीचं नाव विचारलंसुद्धा नाही, तीन दुपारी तिच्या नावावर परस्पर लावून टाकल्या.

"रतनकाकू, थांबा," आरती म्हणाली. "मला अजून नक्की सांगता येत न्हाई."

"का गं? कुठं गावाला चाललीस?"

"गावाला न्हाई. अडचण येईल असं वाटतंय."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. बनुबाईच्या तोंडातला पदर सुटला. "अगं बया, आरतीला अडचण," ती म्हणाली. "सूर्य कुठनं उगवला ते बघा गं जरा."

रतनबाईही हसली. "येडी का काय. मेडिकलमधनं गोळ्यांचा एक पत्ता आण, लांबव. आमी सगळ्या तेच करतो." मग शेजारी बसलेल्या आपल्या मुलीच्या पाठीवर तिनं थाप मारली. "न्हाईतर आमची प्रणाली हायच. ही बी तुझ्यासारखीच मोकळी. माझ्या पोरीला चार-चार म्हयने बघायला लागत न्हाई. तुझ्यानंतर पहारा हीच सांभाळनार, मी तर मागंच ठरवलंय."

प्रणाली कॉलेजात जाणारी, विशीच्या आतली पोर. आईनं सगळ्यांदेखत असं म्हटल्यावर ती लाजली, पण खूश झाली. आरतीनं तिच्याकडं नीट पाहिलं. वरच्या ओठावर पावडर जरा जास्त होती. ओढणी मानेभोवती घट्ट घेतलेली, चैत्र जवळ आला तरी.

ही पोर आरतीच्याच मागं येत होती. आपल्याला पाच वर्षं जी शाबासकी मिळाली, तीच आता हिला मिळणार. शाबासकी मिळाली म्हणून हीसुद्धा दवाखान्याचा कागद कपाटावर ठेवून देणार.

"मला धरू नका, रतनकाकू," ती म्हणाली. "मी पाळी यावी म्हनूनच गोळ्या घेनार हाय. डॉक्टरांनी सांगितलंय. आजपासनंच."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "लोक लांबवायला घेत्यात, ही आणायला."

रतनबाईचं तोंड उतरलं. "सप्ताहाच्या तोंडावर?" एवढंच म्हणून तिनं आरतीच्या जागी प्रणालीचं नाव घातलं.

त्या संध्याकाळी आरतीनं पहिली गोळी घेतली. कडूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "सप्ताहातल्या भाकरी मी बघीन. पाय दुखले तर बसून थापीन. तू घे."

सप्ताह बसला. पहिले दोन दिवस आरती मांडवात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाळी आली, आणि अशी आली की पाच महिन्यांचं साचलेलं एकदम निघालं. कंबर धरून ती भिंतीला टेकून बसली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, फारच जास्त झालं किंवा चक्कर आली तर लगेच या. तेवढं झालं नाही. दुपारी जरा उतार पडल्यावर ती देवळाच्या आवाराबाहेर, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसली. तिथं बाजूला बसलेल्या दोघी-तिघी आधीच होत्या. त्यांनी तिला पाहून गोधडी सरकवली. त्यातली भीमाबाई म्हणाली, "आलीस का आमच्यात. बस. इथं सावली चांगली अस्ती."

कनातीच्या फटीतून मांडवातलं दिसत होतं. वीणा प्रणालीच्या खांद्यावर होती. पोर छान उभी होती, डोळे मिटून. आरतीच्या हाताला नुसती हुरहुर लागली. इतकी वर्षं त्या तारेवर फिरलेलं बोट आपोआप मांडीवर फिरायला लागलं. रडू आलं आणि थांबलं. मग तिच्या ध्यानात आलं, की नाम इथवर ऐकू येतंय. मांडवात भोंग्याखाली उभं राहिलं की नुसता गलका कानावर आदळायचा. इथं एकेक शब्द सुटा ऐकू येत होता. बाजूला बसलेल्या बाया हळू आवाजात तेच नाम घेत होत्या. वर्षानुवर्षं घेत असणार, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

पहारा सुटल्यावर प्रणाली टाकीवर पाणी प्यायला आली. चेहरा फुललेला.

"वहिनी, लई भारी वाटलं. तुम्ही कशा पाच वर्षं करत होता ते आज कळलं."

"बस इथं जरा. जवळ नको, मला न शिवता बस. प्रणाली, तुला पाळी कधीपासनं अशी येते?"

पोरीनं इकडंतिकडं पाहिलं. "दहावी झाल्यापासनं. चार महिन्यांनी, कधी पाचांनी. आई म्हणते कटकट नाही."

"केस काढतीस ना ओठावरचे?"

प्रणालीचा हात ओठाकडं गेला.

"मीपण काढते," आरती म्हणाली आणि हनुवटी पुढं केली. "बघ, दोन दिवस झाले, टोचतंय. हे बघ मानेवरचं. तुझ्या ओढणीखाली हेच असनार. पोरी, हा आजार असू शकतो. असेलच असं मी म्हनत न्हाई, मी काय डॉक्टर न्हाई. पण मला पाच वर्षं सगळ्यांनी देवानं मोकळी ठेवली म्हनून सांगितलं आणि मी ते गोड मानून घेतलं. आत काय साचत हुतं ते कुनाला दिसलं न्हाई. साखर पन काठावर आलीय माझी. तू आत्ताच दाखव. तुझं वय लहान हाय, सगळं हातात हाय."

"मग मला मूल..."

"ओवी आकाशातनं पडली का? औषध घेतलं, झाली. पण मुलापुरतंच न्हाई गं हे. मूल झाल्यावर मी सोडून दिलं, तिथंच फसले."

एवढ्यात रतनबाई पोरीला शोधत आली. पोरीशी चाललेलं मुलाबाळाचं बोलणं तिच्या कानावर पडलं. ती उभ्या जागी लाल झाली. "आरती, लग्नाची पोर हाय माझी. पाहुने बघायला यायच्यात. असलं काही बोलत जाऊ नको चार बायांच्यात." तिनं प्रणालीच्या दंडाला धरलं आणि घेऊन गेली.

पुढचे दिवस रतनबाई आरतीशी बोलली नाही. प्रणाली पहाऱ्याला उभी राहायची, पण पहिल्यासारखे डोळे मिटायची नाही. काल्याच्या दिवशी आरतीची पाळी संपली होती. डोक्यावरून पाणी घेऊन ती मांडवात आली आणि बायकांच्या शेवटच्या ओळीत बसली. कीर्तनकार महाराज चांगले रंगले होते. दहीहंडी फुटली, प्रसाद वाटायला सुरुवात झाली. रतनबाई पातेलं घेऊन ओळीतून येत येत आरतीपाशी थांबली. हातावर लाह्या-दह्याचा काला घातला. पुढं गेली नाही.

"तुझी ती डॉक्टरीन कुठल्या वाराला बसती?"

"रोज. रविवार सोडून."

"माझा गुडघा दुखतोय. दाखवीन म्हनते."

"ती बायकांची डॉक्टर हाय, काकू."

"मला म्हाईत न्हाई व्हय?" रतनबाई म्हणाली आणि पातेलं उचलून पुढं निघाली. "सोमवारी आमी येतो. तू बी येनार ना?"

सोमवारी गोरक्षनाथनं गाडी काढली. मागं तिघी बसल्या. वाटेत रतनबाई उसाच्या तोडीबद्दल बोलली, कारखान्याच्या साखरेबद्दल बोलली, गुडघ्याचं नाव काढलं नाही. दवाखान्यात आधी आरतीची सोनोग्राफी झाली. डॉक्टर नाझनीन यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. अस्तर पातळ झालं होतं, तुकडा काढायची आत्ता गरज नव्हती.

"सुटलात असं समजू नका," त्या म्हणाल्या. "तीन महिने पाळी आली नाही तर वाट बघायची नाही, गोळ्या घ्यायच्या. साखर तीन महिन्यांनी परत. रक्तदाब आणि चरबी दरवर्षी. रोज चालायचं. आणि घोरण्याचं?"

"ओवीचे पप्पा म्हणतात, मध्येच आवाज बंद पडतो, मग दचकून सुरू होतो."

"मग त्याचीही तपासणी करू."

आरतीनं मान डोलावली आणि जरा घुटमळून विचारलं, "बाई, पुढच्या सप्ताहाचं?"

"तारीख ठरली की महिनाभर आधी या. गोळ्या आधी घेऊ, पाळी आधी उरकू. तुमची वीणा मी का घेऊ?"

आरती बाहेर आली. बाकावर रतनबाई प्रणालीचा हात हातात धरून बसली होती. आत हाक आली तशी ती उठली. दारापाशी मागं वळून म्हणाली, "तू बी चल आत. मला त्यातलं काय विचारायचं ते कळायचं न्हाई." मग तिघी आत गेल्या.

आरती आता पहाटे पाटाच्या कडेनं चालते. बाजरीची भाकरी मोजून खाते. सगळ्या वस्तीला कारखान्याची साखर येत असताना फिका चहा पिते, म्हणून कडूबाई तिला चिडवते आणि स्वतःही तोच पिते. कधी कंटाळा येतो, एखाद्या दिवशी चालणं चुकतं, वजनकाटा तोच आकडा दाखवतो. तरी पाळीचे दिवस मोजायला ती चुकत नाही.

रामकृष्ण हरी. मायबापहो, यंदा तुमच्या गावी सप्ताह बसेल, मांडवात वीणेपाशी कुणी उभी असेल. तिला हात जोडाच. पण जोडताना आमच्या आरतीची आठवण ठेवा. आणि एखादी लेक, सून किंवा बहीण महिनोन्महिने मोकळी आहे म्हणून तुम्हाला कौतुक वाटलं, तर तिला जवळ बसवून आरतीची ही गोष्ट सांगा, एवढं माझं मागणं आहे.